कार्ताहिनेसची 81 वर्षं: मैदानाखाली पुरलेला बाहुला आणि एका गावाचा क्लब

मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिकात एक बाहुला आहे, तो आजवर कोणाच्या दृष्टीला पडलेला नाही. कार्तागो शहरातल्या फुटबॉलच्या मैदानाखाली कुठेतरी तो पुरलेला आहे, असं तिथे आजोबा नातवाला सांगत आले. कोणी म्हणतं, एका चेटकिणीने करणी करून तो पुरला. दुसऱ्या कथेत दोष कार्ताहिनेस या तिथल्या क्लबच्या खेळाडूंकडेच जातो. 1940 ची स्पर्धा जिंकल्यावर त्यांना इतका आनंद झाला, की ते घोड्यांवरूनच चर्चमध्ये घुसले, पाद्री संतापले आणि त्यांनी शाप दिला: पुन्हा कधी जिंकाल तर बघा. स्पॅनिशमध्ये बाहुल्याला ‘मुन्येको’ म्हणतात. कार्तागोत ‘मुन्येको’ एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

या शहराचा क्लब म्हणजे क्लब स्पोर्ट कार्ताहिनेस. त्याने राष्ट्रीय विजेतेपद 1940 मध्ये मिळवलं आणि त्यानंतरचं मिळवलं थेट 2022 मध्ये. मधली 81 वर्षं कोरडी गेली. आपल्याकडे वाईट काळाला साडेसाती म्हणतात, तीसुद्धा साडेसात वर्षांत उठते.

हा काळ किती मोठा, ते आकड्याने चटकन लक्षात येत नाही, म्हणून दुसऱ्या मापाने सांगतो. पेलेचा जन्म ऑक्टोबर 1940 चा. तो मोठा झाला, तीन विश्वचषक जिंकला, निवृत्त झाला, म्हातारा झाला आणि डिसेंबर 2022 मध्ये गेला. कार्ताहिनेसची प्रतीक्षा जवळजवळ त्याच्या अख्ख्या आयुष्याएवढी. 1940 मध्ये कोस्टारिकाला सैन्य होतं आणि तिथल्या बायकांना मतदानाचा हक्क नव्हता. आज त्या देशाला सैन्य नाही, आणि देशाचं अध्यक्षपदही एका स्त्रीने भूषवून झालं आहे.

एखादा क्लब 81 वर्षं का जिंकत नाही, हा प्रश्न वरवर खेळाचा वाटतो. पण त्यात गावाचा इतिहास आहे, पैशांची व्यवस्था आहे, स्पर्धेचे नियम आहेत, थोडं गणित आहे, आणि माणसाच्या मनाचाही भाग आहे. हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असल्यामुळेच लोकांनी त्याला एक सोपं नाव दिलं: बाहुला. तो गुंता एकेक धागा धरून सोडवता येतो.

राजधानी गेलेलं गाव

आधी नावाचं बघू. ‘कार्ताहिनेस’ म्हणजे कार्तागोचा रहिवासी, कार्तागोकर. स्पेनच्या हुआन वास्केस दे कोरोनादोने 1563 मध्ये हे शहर वसवलं आणि पुढची अडीचशे वर्षं कोस्टारिकाची राजधानी इथेच होती. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,400 मीटर उंचीवर, इरासू ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसलेलं हे गाव थंड, ओलसर आणि वर्षातले कितीतरी दिवस धुक्यात असतं. म्हणून क्लबच्या खेळाडूंना आणि पाठीराख्यांना ‘ब्रुमोसोस’ म्हणतात, म्हणजे धुक्यातले लोक. जर्सी निळी-पांढरी.

राजधानी गेली 1823 मध्ये. स्पेनपासून मोकळं झाल्यावर पुढे काय, यावरून कोस्टारिकात दोन तट पडले. कार्तागोच्या प्रतिष्ठितांना मेक्सिकोच्या इतुर्बिदे सम्राटाच्या साम्राज्यात सामील व्हायचं होतं. सान होसे आणि अलाहुएला या शहरांना प्रजासत्ताक हवं होतं. एप्रिल 1823 मध्ये ओचोमोगोच्या टेकडीवर दोन्ही बाजू भिडल्या, कार्तागो हरलं आणि राजधानी सान होसेला गेली. तेव्हापासून कार्तागो म्हणजे ‘जुनी राजधानी’. सान होसे अवघं वीसेक किलोमीटरवर आहे आणि मध्ये उभी आहे तीच ओचोमोगोची चढण. ती लक्षात ठेवा.

त्यानंतर भूकंपांनी गावाची पाठ धरली. 1841 मध्ये शहर उद्ध्वस्त झालं, पुन्हा उभं राहिलं. 4 मे 1910 च्या संध्याकाळी परत कोसळलं आणि शेकडो माणसं गेली. त्याआधी दोनेक वर्षांपूर्वीच मध्य अमेरिकेतल्या पाच देशांनी मिळून एक आंतरराष्ट्रीय न्यायालय स्थापन केलं होतं आणि त्याचं ठिकाण म्हणून कार्तागोची निवड झाली होती. गेलेला मान थोडासा परत आला होता. अमेरिकन उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीच्या देणगीतून त्या न्यायालयासाठी उभी राहत असलेली वास्तू भूकंपात पडली, आणि न्यायालयही सान होसेला गेलं. शहराच्या मधोमध संत सांतियागोच्या नावाचं एक दगडी चर्च बांधलं जात होतं. भूकंपानंतर ते काम कायमचं थांबलं. आजही त्या भिंती छपराविना उभ्या आहेत आणि आत बाग आहे. लोक त्या जागेला नुसतं ‘अवशेष’ म्हणतात. त्याच्याबद्दलही शापाच्या कथा आहेत. थोडक्यात, कार्तागोला शापाची भाषा फुटबॉलने शिकवली नाही, ती तिथे आधीपासून होती.

क्लब जन्मला तो भूकंपाच्या चार वर्षं आधी, 1 जुलै 1906 रोजी. कोस्टारिकाच्या पहिल्या विभागात आज खेळणाऱ्या क्लबांमध्ये हा सगळ्यात जुना. 1921 मध्ये देशात रीतसर लीग सुरू झाली तेव्हा कार्ताहिनेस तिच्या मूळ संघांत होता. 1923 मध्ये पहिलं विजेतेपद, 1936 मध्ये दुसरं, 1940 मध्ये तिसरं. म्हणजे पहिल्या वीस वर्षांत तीन. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढची कहाणी ऐकून क्लब मुळातच दुबळा होता असा समज होतो. तो तसा नव्हता.

आता बाहुल्याची एक अडचण. क्लबचं आजचं मैदान, फेयो मेसा स्टेडियम, 1949 मध्ये उभं राहिलं. हे नाव होसे राफाएल मेसा या कार्ताहिनेसच्या जुन्या थोर खेळाडूचं. ‘फेयो’ हे राफाएलचं लाडाचं रूप. मैदान 1949 चं असेल, तर 1940 च्या जल्लोषानंतर लगेच त्याखाली बाहुला पुरता येणं शक्यच नव्हतं. पण दंतकथा तारखा बघून चालत नाहीत. हरण्याचा अनुभव आधी साठत जातो आणि त्याचं कारण सांगणारी गोष्ट मागाहून जन्मते. मग ती गोष्ट मागे सरकवून योग्य जागी बसवली जाते. बाहुल्याचंही तसंच झालं असावं, असं मला वाटतं.

मोठे तिघे

कोस्टारिकाचा फुटबॉल समजायचा तर तीन नावं पुरतात. एरेदिया शहराचा एरेदियानो (1921), अलाहुएलाचा अलाहुएलेन्से (1919) आणि सान होसेला लागून असलेल्या तिबासचा साप्रिसा (1935). 2022 पर्यंतच्या शंभराहून जास्त विजेतेपदांपैकी नव्वदहून जास्त या तिघांकडेच होती. उरलेल्यांत बाकी सगळा देश.

यात एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. कार्तागो, सान होसे, एरेदिया आणि अलाहुएला ही चारही शहरं एकाच खोऱ्यात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाळीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत. तांत्रिकदृष्ट्या एरेदियानो आणि अलाहुएलेन्सेही प्रांतांचेच क्लब. मग ते मोठे झाले आणि कार्ताहिनेस का नाही?

याचं उत्तर बऱ्याच अंशी साखळीत आहे. क्लब जिंकतो, म्हणून गावाबाहेरची पोरं त्याची होतात. पाठीराखे वाढले की तिकिटं, जर्सी, जाहिराती, पुढे टीव्हीचे पैसे वाढतात. पैसे आले की चांगले खेळाडू येतात, आणि मग क्लब पुन्हा जिंकतो. हे चाक एकदा फिरू लागलं की आपोआप वेग घेतं. साप्रिसाने 1972 ते 1977 अशी सलग सहा विजेतेपदं मिळवली. त्या काळात देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात वाढणारं मूल आपोआप साप्रिसाचं होत असणार. कार्तागोतलंसुद्धा.

चाकाच्या उलट्या बाजूला असलेल्या क्लबचं काय होतं? तो पोरं घडवतो आणि ती घडली की मोठा क्लब येऊन घेऊन जातो. त्या खेळाडूचा यात काहीच दोष नाही. त्याचं खेळाचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं, घर चालवायचं असतं आणि पदकही हवं असतं. क्लबलाही विक्रीचा पैसा लागतो, कारण त्यातूनच पुढच्या वर्षीचे पगार निघतात. परिणाम एवढाच, की तीन-चार चांगली माणसं एकाच संघात एकाच वेळी पिकायची वेळ येते तेव्हाच त्यातली दोन निघून गेलेली असतात.

त्यात कार्तागोचं नशीब काही मऊ नव्हतं. 1948 च्या यादवी युद्धात होसे फिगेरेसच्या बंडखोरांनी हे शहर जिंकून घेतलं, आणि शेजारच्या एल तेहारला त्या युद्धातली सगळ्यात रक्तरंजित लढाई झाली. मार्च 1963 मध्ये इरासू जागा झाला आणि पुढची दोन वर्षं राख ओकत राहिला. त्या डिसेंबरमध्ये रेव्हेन्तादो नदीतून चिखलाचा लोंढा आला आणि शहराच्या कडेच्या वस्त्या गाडल्या गेल्या. क्लब हरला तो ज्वालामुखीमुळे, असं मी म्हणत नाही. पण गावाचा पैसा आणि गावाची ताकद कशात जात होती, हे डोळ्यांसमोर असलेलं बरं.

थोडं गणित

आता बाहुल्याला बाजूला ठेवून हिशेब मांडू. 1940 नंतर 2022 पर्यंत साधारण नव्वदच्या आसपास स्पर्धा झाल्या असं धरा. सुरुवातीला वर्षाला एक विजेता असायचा, 2007 पासून वर्षाला दोन झाले.

समजा लीगमध्ये बारा संघ आहेत आणि सगळे अगदी सारख्या ताकदीचे आहेत. मग कोणत्याही एका स्पर्धेत न जिंकण्याची शक्यता बारातली अकरा. ती लागोपाठ नव्वद वेळा घडायची शक्यता किती? अडीच हजारांत एक. एवढ्या वेळा एवढं दुर्दैव म्हणजे खरोखर कोणीतरी करणी केली असावी, असं वाटायला जागा आहे.

पण संघ सारखे नव्हते. तिघे मिळून जवळपास सगळंच घेऊन जात होते. त्यामुळे कार्ताहिनेससारख्या क्लबला दर स्पर्धेत जिंकण्याची शंभरातली तीनच संधी होती असं धरू. मग नव्वद वेळा हात रिकामे राहण्याची शक्यता होते शंभरात सहा. सहा टक्के म्हणजे कमी, पण अघटित नाही. आकाशात ढग नसताना तुम्ही छत्री न घेता निघालात आणि भिजलात, इतपत.

हा माझा ढोबळ हिशेब आहे, कोणाचा अभ्यास नाही. पण एवढं त्यातून दिसतं, की विषमता पुरेशी असेल तर 81 वर्षांची रिकामी ओंजळ समजावून सांगायला चेटकीण लागत नाही. दरवेळी थोडीशीच कमी असलेली संधी नव्वद वेळा मागे पडली, तर पिढ्या जातात.

तरी हे गणित एका ठिकाणी अपुरं पडतं, आणि ती जागा पाठीराख्यांना बरोबर ठाऊक होती. मोठ्या तिघांबाहेरचे क्लब मधूनमधून जिंकतच होते. बंदराच्या गावचा पुंतारेनास 1986 मध्ये विजेता झाला. 2009 मध्ये तर वर्षाच्या दोन्ही स्पर्धा बाहेरच्यांनी नेल्या, आधी लिबेरिया मिया आणि नंतर ब्रुहास. हे दोन्ही क्लब कार्ताहिनेसच्या मानाने खूप नवे, आणि ब्रुहास तर पुढे काही वर्षांत नाहीसाच झाला. 2017 मध्ये दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातल्या पेरेस सेलेदोनने विजेतेपद मिळवलं. शंभर वर्षांचा क्लब बघत राहिला आणि काल आलेल्यांनी ताट उचललं. कार्तागोच्या माणसाला साप्रिसाच्या छत्तिसाव्या विजेतेपदाचं जितकं दुःख झालं नसेल, तितकं 2009 चं झालं असेल, अशी माझी खात्री आहे.

अंतिम सामना नावाचा घाट

त्यामुळे प्रश्न असा उरतो: बाकीच्यांना जे एकदा तरी जमलं ते यांना का नाही? इथे स्पर्धेचा साचा समजून घ्यावा लागतो, आणि खरं नाट्य तिथेच आहे.

ज्या लीगमध्ये सर्वांशी सामने खेळून सर्वाधिक गुण मिळवणारा जिंकतो, तिथे ताकद आणि सातत्य ठरवतं. कोस्टारिकात मात्र बऱ्याच काळापासून शेवटी बाद फेरी आणि अंतिम सामना असतो. अलीकडच्या पद्धतीत वर्षात दोन स्पर्धा होतात. 2022 च्या सुमाराला प्रत्येकीत बारा संघ एकमेकांशी घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर खेळायचे, म्हणजे प्रत्येकी 22 सामने. पहिले चार उपांत्य फेरीत जातात. तिथेही घरी एक, बाहेर एक असे दोन सामने, आणि गोलांची बेरीज. मग अंतिम फेरी, तीही दोन सामन्यांची. त्यावर आणखी एक कलम आहे: साखळीत पहिला आलेला संघ जर ही बाद फेरी जिंकू शकला नाही, तर त्याला आणखी एक संधी मिळते. बाद फेरी जिंकणाऱ्याशी त्याची ‘महाअंतिम’ लढत होते, पुन्हा दोन सामन्यांची. महिनोन्‌महिने चांगलं खेळलेल्यावर अन्याय होऊ नये म्हणून हे.

लहान क्लबच्या नजरेने बघा. चौथा क्रमांक मिळवला तरी दार उघडं राहतं, ही चांगली बाजू. पण विजेता व्हायचं तर मोठ्या संघांना एकदा नाही, दोन-दोनदा, कधी त्याच संघाला चार वेळा तोंड द्यावं लागतं. एक चमत्कार पुरत नाही, चमत्कारांची रांग लागते. आणि प्रत्येक अंतिम फेरीत मैदानावर अकराऐवजी बारा जण असतात. बारावा तो बाहुला. दर हरलेल्या फेरीनंतर पुढच्या फेरीचं ओझं वाढत जातं. खेळाडू चोविशीचा असतो, पण त्याच्या खांद्यावर पंचाहत्तर वर्षांच्या आजोबांची आशा असते. शेवटच्या दहा मिनिटांत चेंडू पुढे घ्यायचा की मागे थांबायचं, हा निर्णय त्याचे पाय घेत नसतात, ती आशा आणि ती भीती घेत असते. शाप खरा असतो तो इथे. जमिनीखाली काही नसतं, पण सगळ्यांना वाटतं की आहे, आणि तेवढं वाटणं पुरतं.

1993 मध्ये अंतिम टप्प्यात एरेदियानोने हरवलं. 1996 मध्ये अलाहुएलेन्सेने. पण सगळ्यात जास्त लागलं ते 2013 चं. अंतिम फेरी एरेदियानोविरुद्ध होती, आणि पहिला सामना कार्ताहिनेसने घरच्या मैदानावर जिंकला. गावाने देव पाण्यात घातले होते. पण एरेदियात परतीच्या सामन्यात एरेदियानोने बेरीज बरोबरीत आणली, सामना पेनल्टीवर गेला आणि घास तोंडापाशी येऊन पडला. त्या संघात रँडल ब्रेनेस होता. कार्तागोचाच पोरगा, क्लबसाठी गोलांचा ढीग लावलेला. डॅनी फोन्सेकाही होता, 2006 च्या विश्वचषकात कोस्टारिकाकडून खेळलेला. ब्रेनेस पुढच्याच वर्षी ब्राझीलच्या विश्वचषकाला गेला, ज्यात कोस्टारिकाने उरुग्वे आणि इटलीला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. जगातला कुठलाही फुटबॉलपटू ज्याचं स्वप्न बघतो ते त्याला मिळालं. आपल्या गावासाठी लीग मात्र त्याला जिंकता आली नाही, आणि ती जिंकली गेली तोवर तो निवृत्त झाला होता.

या सगळ्यात एक गंमतीचं सत्य आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असतं. कार्ताहिनेस स्वतःच्या देशाचा विजेता नसतानाच खंडाचा विजेता झाला. उत्तर आणि मध्य अमेरिका आणि कॅरिबियन मिळून जी क्लबांची स्पर्धा होते, तिच्यात देशाच्या विजेत्याखेरीज इतर संघांनाही जागा मिळायची. तशी जागा मिळवून कार्ताहिनेस 1994 च्या स्पर्धेत उतरला आणि तिचा अंतिम सामना फेब्रुवारी 1995 मध्ये खेळला. समोर मेक्सिकोचा अतलांते. कार्ताहिनेसने तो 3–2 असा जिंकला. सामना झाला तो अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सान होसे शहरात. राजधानी हिरावून नेणाऱ्या गावाच्याच नावाच्या, पण हजारो किलोमीटर दूरच्या गावात कार्तागोकरांनी करंडक उचलला. एरेदियानोसारख्या मातब्बर क्लबलाही हा मान आजवर मिळालेला नाही. म्हणजे संघात दम नव्हता, असं कोणी म्हणू शकत नाही. खंड जिंकता येत होता, घरची लीग येत नव्हती. पुढे 2014 आणि 2015 मध्ये देशांतर्गत चषकाची स्पर्धाही कार्ताहिनेसने जिंकली. पण गावाला हवी होती ती लीगच. चषकाने बाहुला हलत नाही, अशी सर्वांची समजूत.

परत आलेला माणूस

2020 मध्ये जुनी साखळी पुन्हा दिसली. कार्ताहिनेसचा गोल करणारा हुकमी माणूस, क्यूबाचा मार्सेल एर्नांदेस, अलाहुएलेन्सेकडे गेला. चांगला खेळाडू, मोठा क्लब, नेहमीचीच गोष्ट. अलाहुएलेन्सेने त्या वर्षअखेरीला विजेतेपदही मिळवलं. ते त्यांच्या स्वतःच्या सात वर्षांच्या दुष्काळानंतरचं होतं. सात वर्षांनी त्यांच्या गावात रडारड झाली होती. कार्तागोत सात वर्षं म्हणजे मधली सुट्टी.

मग जे सहसा होत नाही ते झालं. एर्नांदेस परत आला. चाक उलटं फिरलं, एका माणसापुरतं का होईना. प्रशिक्षक होते हेइनर सेगुरा, स्थानिक फुटबॉलच्या मुशीतलेच, परदेशातून आणलेले कोणी मोठं नाव नव्हे. मधल्या फळीत मायकेल बारांतेससारखा मुरलेला खेळाडू होता. साप्रिसाकडून त्याने पूर्वी पुष्कळ जिंकलं होतं, अंतिम सामन्यात हात-पाय थंड पडू न देणं म्हणजे काय हे त्याला माहीत होतं. गोलरक्षक केव्हिन ब्रिसेन्यो. या संघाकडे बघितलं की मला वाटतं, क्लबला शेवटी उत्तर सापडलं होतं. तरुणांच्या खांद्यांवर सगळं ओझं टाकायचं नाही, त्यात जुन्या जखमा अंगावर नसलेली माणसं मिसळायची. एर्नांदेस कार्तागोत वाढला नव्हता. बाहुल्याच्या गोष्टी त्याला कोणा आजीने झोपताना सांगितल्या नव्हत्या.

2022 च्या उन्हाळी स्पर्धेची समाप्ती लांबली होती. जून महिन्यात राष्ट्रीय संघ विश्वचषकाच्या पात्रतेची शेवटची लढत खेळायला कतारला गेला, न्यूझीलंडला हरवून आला, आणि मग लीगचे निर्णायक सामने झाले. अंतिम लढत ठरली कार्ताहिनेस विरुद्ध अलाहुएलेन्से. पहिला सामना फेयो मेसावर, दुसरा अलाहुएलात. अलाहुएला म्हणजे 1823 च्या लढाईत कार्तागोच्या विरुद्ध उभं राहिलेलं तेच शहर. इतिहासाने मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, चार शहरांच्या खोऱ्यात कोणी ना कोणी समोर येणारच. तरी कार्तागोतल्या एखाद्या शाळामास्तराला हे सुचलं नसेल, असं होणार नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात कार्ताहिनेस विजेता झाला. नुकताच क्लबला 116 वर्षं पूर्ण झाली होती.

त्या क्षणाचा अर्थ कार्तागोबाहेरच्या माणसाला समजावून सांगायचा तर आकडेच पुरे. 1940 चा विजय ज्याने समजत्या वयात, म्हणजे दहाव्या वर्षी, बघितला असेल तो 2022 मध्ये 92 वर्षांचा. म्हणजे त्या रात्री रस्त्यावर नाचणाऱ्या गर्दीत जवळजवळ कोणीच आपल्या क्लबला पूर्वी लीग जिंकताना बघितलं नव्हतं. त्यांच्या आईवडिलांपैकी बहुतेकांनीही नाही. जे कधी पाहिलं नाही त्याच्यावर त्यांचा जीव जडलेला होता, आणि तो वारसा म्हणून आला होता, जसं घर येतं किंवा आडनाव येतं. साप्रिसाचं असणं सोपं होतं, वीसेक किलोमीटरवर करंडकांचा ढीग होता. तरी एवढी माणसं धुक्यातल्या क्लबची राहिली. मला या सगळ्या कहाणीत सगळ्यात मोठं आश्चर्य याचं वाटतं. 81 वर्षं न जिंकण्याचं स्पष्टीकरण पैशांत, नियमांत, गणितात मिळतं. 81 वर्षं न सोडण्याचं तिथे मिळत नाही. तिथे बाहुल्याची खरी कामगिरी दिसते. त्याने पराभवाला एक गोष्ट दिली, आणि ज्याला गोष्ट असते ते मुलांना सांगता येतं.

कार्तागोला दरवर्षी 2 ऑगस्टला देशभरातून लोक पायी येतात. तिथल्या बॅसिलिकात ‘ला नेग्रिता’ आहे, काळसर दगडाची वीतभर उंचीची मेरीची मूर्ती. परंपरेनुसार ती 1635 मध्ये हुआना परेरा नावाच्या मुलीला सापडली, आणि आज ती सबंध देशाची आश्रयदेवता आहे. कोणी सान होसेहून चालत येतं, कोणी त्याच्याही पलीकडून, काही जण शेवटचा टप्पा गुडघ्यांवर पार करतात. कोविडच्या साथीमुळे 2020 आणि 2021 मध्ये ही यात्रा झाली नाही. 2022 मध्ये ती पुन्हा भरली, विजेतेपदानंतर चारच आठवड्यांनी. अलाहुएला आणि सान होसेकडून येणाऱ्यांचा रस्ता ओचोमोगोवरून जातो. चढण संपते, हवा गार होते, आणि खाली धुक्यात गाव दिसू लागतं. जुलैमधल्या त्या रात्री संघाची बसही करंडक घेऊन याच चढणीवरून खाली उतरली होती.